बिनखुणेची गाडी : भूपाळगडापासून अंबर दिव्यापर्यंत

#थ्रेड

गुहागर-विजापूर महामार्गावर विट्याच्या अलीकडे-पलीकडे रोज दिसावी तशी एक पांढरी मोटार. तिच्यावर 'पोलीस' ही अक्षरे नाहीत, निळे-तांबडे पट्टे नाहीत, छपरावर दिवाही नाही. एकाएकी तिच्या पुढच्या जाळीआडून तांबडा-निळा प्रकाश लखलखू लागतो, भोंगा घुमतो, आणि पुढची वाहने रस्ता सोडून कडेला होतात.

क्षणापूर्वी कोणाचीही असू शकणारी गाडी आता राज्यसत्तेची झालेली असते. गाडीत नवे काही आलेले नसते. बदललेली असते ती पाहणाऱ्याची समजूत. ही समजूत कशी घडली, तिच्यावर कोणी डल्ला मारला आणि कायद्याने तिला कुंपण कसे घातले, त्याचा हा इतिहास.

तो मोटारीपासून सुरू करता येत नाही. विट्याच्या पूर्वेला, खानापूर तालुक्याच्या टोकाला बाणूरगड आहे. जुने नाव भूपाळगड. शिवछत्रपतींच्या हेरखात्याचे प्रमुख बहिर्जी नाईक यांची समाधी याच गडावर असल्याचे परंपरा सांगते. सभासद बखरीत जासुदांचा नाईक म्हणून त्यांचे नाव येते, आणि जानेवारी १६६४ च्या सुरत स्वारीआधी त्या शहराची खबर आणणारे म्हणूनही ते ओळखले जातात.

मराठी राज्यात सत्तेच्या खुणांची वाण नव्हती. नगारा, निशाण, शिंग, चोपदाराची ललकारी, रात्री मशाली. सरकारस्वारी येते आहे हे कोसभर आधी कळे. बहिर्जींचे काम नेमके उलटे होते. त्यांच्या माणसांना ना निशाण, ना नगारा. ओळखले गेले तर काम संपले. तीच सत्ता नगाऱ्यातून आपले अस्तित्व पुकारी आणि जासुदातून ते झाकून ठेवी. दोन्ही कामे वेगवेगळ्या माणसांकडे होती. बिनखुणेच्या पोलीस गाडीत ही दोन्ही कामे एकाच सांगाड्यात आली आणि गुंतागुंत तिथून सुरू झाली.

याच गडाने आणखी एक गोष्ट पाहिली आहे. एप्रिल १६७९ मध्ये दिलेरखानाने भूपाळगडावर हल्ला चढवला. गडाचे किल्लेदार होते फिरंगोजी नरसाळा. १६६० मध्ये चाकणचा किल्ला झुंजवणारे तेच. या वेळी मात्र मोगली छावणीत युवराज संभाजीराजे होते. समोर शत्रू, पण त्याच्या बाजूला आपल्याच राज्याची सर्वांत मोठी खूण. तोफ डागायची कोणावर? परंपरा सांगते की याच पेचाने गडाचा हात आखडला. गड पडला आणि दिलेरखानाने सापडलेल्या सातशे लोकांचे एकेक हात तोडले.

आपली खूण दुसऱ्याच्या हाती गेली म्हणजे काय होते, हे खानापूर तालुक्याच्या मातीला मोटारी येण्याच्या कित्येक पिढ्या आधी ठाऊक झाले होते. पुढे हाच प्रसंग निराळ्या वेशात पुन्हा पुन्हा येणार आहे.

आता मोटारीकडे. पहिल्या महायुद्धानंतर लंडनमध्ये गुन्हे बेसुमार वाढले, तेव्हा १९१९ मध्ये स्कॉटलंड यार्डने एक फिरते पथक उभारले. त्यांची पहिली गाडी मोटार नव्हतीच. ती एका रेल्वे कंपनीकडून भाड्याने घेतलेली घोड्याची झाकलेली गाडी होती. तिच्या कनातीला भोके पाडून आत बसलेले पोलीस रस्त्यावरच्या खिसेकापूंवर नजर ठेवीत. बाहेरून पाहणाऱ्याला ती मालाचीच गाडी वाटे. पुढच्याच वर्षी पथकाला मोटारी मिळाल्या आणि 'फ्लाइंग स्क्वॉड' हे नाव रूढ झाले. दहावी-बारावीच्या परीक्षेत कॉपी पकडणारे आणि निवडणुकीत रोकड शोधणारे आपले 'भरारी पथक' हे त्याच नावाचे मराठी रूप.

घोडागाडीला लपणे पुरेसे होते. मोटारीला लपून चालेना, कारण मोटार पाठलाग करते, आणि पाठलागात मध्ये येणाऱ्या निरपराध माणसाला आधी सांगावे लागते की बाजूला हो. ब्रिटनमधील पोलीस मोटारींनी हे काम बराच काळ घंटेवर भागवले. दोन सुरांचे कर्णे तिथे १९६० च्या दशकात आले. अमेरिकेने मात्र भोंगा निवडला.

भोंग्याचा जन्म प्रयोगशाळेतला. १८१९ मध्ये कान्यार द ला तूर या फ्रेंच संशोधकाने भोके पाडलेली एक फिरती तबकडी हवेच्या झोतापुढे धरली. भोक झोतासमोर आले की हवा सुटते, सरकले की अडते. या खंडित झोतांचा सूर होतो. तबकडीला बारा भोके असतील आणि ती सेकंदाला चाळीस फेरे घेत असेल, तर कंपने ४८० भरतात. हे यंत्र पाण्याखालीही गाई, म्हणून ग्रीक पुराणातील दर्यावर्दींना भुलवणाऱ्या जलकन्यांचे नाव त्याला मिळाले : सायरन. ऐकणाऱ्याला ओढून नेणाऱ्यांचे नाव अखेर ऐकणाऱ्याला दूर सारणाऱ्या यंत्राला चिकटले, हा त्या नावाचा दैवदुर्विलास.

पोलिसी भोंग्याचा तो चढत जाणारा आणि ओसरणारा आक्रोश मुळात कोणी रचलेला नाही. विजेवर फिरणारी तबकडी वेग घेताना सूर वर जाई आणि वीज तोडली की मंदावताना खाली येई, एवढेच. आजच्या भोंग्यात फिरणारे काहीही नसते. छोटे परिपथ, ध्वनिवर्धक आणि कर्णा असतो. तरी तो जुन्या तबकडीची धाप हुबेहूब वठवतो, कारण कानाला तीच ओळखीची झाली आहे.

दिव्याचीही गंमत अशीच. छपरावरचा जुना फिरता दिवा लुकलुकतो असे वाटे, पण आतील बल्ब अखंड पेटलेला असे. मोटरवर फिरणारा आरसा तो प्रकाश चहूकडे फेकी. १९४८ मध्ये अमेरिकेत असा दिवा बाजारात आला आणि जगभर पसरला. मराठी वृत्तपत्रांनी त्याला 'अंबर दिवा' हे नाव दिले. अंबर म्हणजे पिवळसर, पण आपल्याकडे लाल आणि निळाही 'अंबर'च झाला. शब्दांच्या बाबतीत वाहतुकीचे नियम कोणी पाळत नाही.

मग साध्या वेशातल्या पोलिसांच्या साध्या गाडीचे काय? छपरावर कायमचा दिवा बसवला तर गाडी साधी उरत नाही. यावरचा तोडगा जगाला दूरचित्रवाणीने पाठ करून दिला. १९७३ ते १९७८ या काळात गाजलेल्या 'कोजॅक' या अमेरिकी मालिकेतला टक्कल पडलेला अधिकारी खिडकीतून हात काढून लोहचुंबकाचा दिवा छपरावर ठेवी. पुढे या दिव्याला इंग्रजीत त्या पात्राचेच नाव पडले. आजही पथकाच्या अनेक गाड्यांत पायाशी असा एक दिवा पडलेला असतो.

खरी क्रांती एलईडीने केली. जुना हॅलोजन दिवा ५५ वॅटचा धरला, तर बारा व्होल्टच्या बॅटरीतून तो साडेचार अँपिअरच्या आसपास वीज ओढी, आणि त्याला आरसा, मोटर, घुमट असे सगळे बिऱ्हाड लागे. एलईडीची पट्टी बोटभर जाडीची. ती पुढच्या जाळीमागे, काचेच्या वरच्या कडेला, नंबरपट्टीशेजारी कोठेही दडते. बंद असताना काही दिसत नाही, चालू झाली की दिवसाही डोळ्यांत घुसते. कर्ण्याची गोष्ट वेगळी. शंभर वॅटचा ध्वनिवर्धक आठ-दहा अँपिअर मागतो, म्हणून त्याला बॅटरीपासून स्वतंत्र तार, स्वतंत्र फ्यूज आणि रिले द्यावा लागतो. कर्णा बंपरआड लपवताना त्याचे तोंड समोर मोकळे राहील हे पाहावे लागते. इंजिनाच्या पसाऱ्यात तोंड अडकले तर आवाज बाहेर जाण्याऐवजी आतल्यांचेच कान फोडतो.

लपवण्याची किंमतही आहे. जाळीआडचा दिवा समोरून प्रखर दिसतो, बाजूने जवळजवळ नाही. चौकात आडव्या रस्त्याने येणाऱ्याला तो उशिरा कळतो. छपरावरचा दिवा दोन वाहनांपलीकडून दिसे. बंपरच्या उंचीवरचा दिवा पुढच्या एकाच गाडीच्या डिकीवर संपतो. त्यात हा ऊसपट्टा. गळीत हंगामात रस्ता अडवून चाललेल्या दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरवर गाणी इतक्या जोरात असतात की मागे भोंगा वाजतो आहे हे चालकाला शेवटी कळते तेही मागच्या दुचाकीस्वाराने हात केल्यावर. बंद काचांच्या वातानुकूलित मोटारीत तर आवाज आणखीच मवाळ होऊन पोचतो. थोडक्यात, बिनखुणेच्या गाडीत दिवा-भोंगा असला तरी ती खुणेच्या गाडीइतकी सुरक्षित होत नाही.

आता कायदा. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ रोजी अमलात आला आणि त्याबरोबर केंद्रीय मोटार वाहन नियम आले. त्यांतला ११९ वा नियम मुद्दाम वाचावा असा आहे. निरनिराळ्या सुरांत वाजणारा किंवा कर्कश, भयसूचक आवाज करणारा हॉर्न कोणत्याही वाहनाला लावता येत नाही. मग अपवाद : रुग्णवाहिका, अग्निशमन, आणि पोलीस अधिकारी आपल्या कर्तव्यावर असताना वापरीत असलेली वाहने. तोही आवाज ती गाडी ज्या नोंदणी अधिकाऱ्याच्या हद्दीत असते, त्याने मान्य केलेला हवा. इथे गाडीच्या रंगाचा उल्लेखच नाही. कायद्याने पाहिले ते काम. म्हणून बिनखुणेच्या गाडीत भोंगा बसू शकतो, आणि म्हणूनच 'पोलीस' अशी पाटी रंगवलेल्या खासगी गाडीत तो बसू शकत नाही.

दिव्यांचा नियम १०८ वा, आणि त्याची कथा कमी गौरवाची. 'अतिमहनीय' व्यक्तींच्या गाडीवर लाल दिव्याची मुभा त्यात होती, आणि कोण महनीय हे ठरवण्याचा अधिकार सरकारांकडे होता. यादी लांबत गेली. मराठीत 'लाल दिवा मिळाला' याचा अर्थच मंत्रिपद किंवा महामंडळ मिळाले असा झाला; आजारी माणूस, आग, पाठलाग यांतले काहीही त्या वाक्प्रचारात उरले नाही. महनीय व्यक्ती गाडीत नसेल तर दिवा काळ्या आवरणाने झाकावा, असा नियम होता. ही काळी टोपी रस्त्यावर किती वेळा दिसली, हे त्या काळच्या वाचकांनी आपापल्या आठवणीत शोधावे.

१० डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अभय सिंह विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यात लाल दिव्यांची यादी आवळली. न्या. जी. एस. सिंघवी आणि न्या. सी. नागप्पन यांच्या खंडपीठाने दोन गोष्टी वेगळ्या केल्या : मान आणि निकड. पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशमन यांना लाल नव्हे तर निळा, पांढरा किंवा बहुरंगी दिवा असावा, आणि बहुसुरी भोंगा नियमात नावे असलेल्या सेवांखेरीज कोणाच्याही गाडीत नसावा. १९ एप्रिल २०१७ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने उरलेला लाल दिवाही काढून टाकला आणि १ मे २०१७ पासून, राष्ट्रपती-पंतप्रधानांसह सर्वांच्या गाड्यांवरून तो गेला. तांबडा, निळा व पांढरा असा बहुरंगी दिवा उरला तो आग, कायदा-सुव्यवस्था आणि आपत्ती निवारणाच्या कामांना, आणि तोही त्या कामावर असतानाच.

रस्ता कोणी कोणाला द्यावा, हाही प्रश्न तोवर अर्धवट होता. १९८९ च्या रस्ता-नियमांनी वाट मोकळी करून देण्याचे बंधन घातले होते ते अग्निशमन गाडी आणि रुग्णवाहिका या दोघांपुरते. त्यात पोलीस नव्हते. २०१७ च्या नियमावलीत पोलीस गाडी आली, पण अग्निशमन आणि रुग्णवाहिकेच्या मागे, तिसऱ्या क्रमांकावर. २०१९ च्या दुरुस्तीने आपत्कालीन वाहनाला वाट न देणाऱ्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड ठेवला. म्हणजे आता दिवा-भोंगा दिसताच बाजूला होणे हे सौजन्य राहिले नाही, ते बंधन झाले. आणि ज्या खुणेपुढे सर्वांना वाकावेच लागते, ती खूण चोरण्याजोगी होते.

चोरीचा पाढा मोठा आहे. १९ मार्च १९८७ : मुंबईच्या ऑपेरा हाऊसमधील एका नामांकित सराफी पेढीवर एक माणूस 'सीबीआय'चे पथक घेऊन गेला. पथकातील तरुणांना वृत्तपत्रात जाहिरात देऊन, मुलाखती घेऊन त्यानेच भरती केले होते. आपण खरोखर सरकारी नोकरीत आलो आहोत असे त्यांना वाटत होते. सारे भाड्याच्या बसने आले. ऐवज घेऊन म्होरक्या निघून गेला आणि बनावट अधिकारी दुकानात आज्ञेची वाट पाहत उभे राहिले.

१३ डिसेंबर २००१ : संसदेच्या आवारात पांढरी अँबेसेडर शिरली. तिच्यावर लाल दिवा होता आणि काचेवर गृह मंत्रालयाचे बनावट स्टिकर. दिव्याकडे न पाहता माणसांकडे पाहून जिला संशय आला, ती केंद्रीय राखीव पोलीस दलाची शिपाई कमलेश कुमारी. तिने इशारा दिला आणि ती गोळ्यांना बळी पडली. तिला मरणोत्तर अशोकचक्र मिळाले.

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र तर महाराष्ट्राच्या मनातून जात नाही. कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत दोन दहशतवाद्यांनी पोलिसांच्या क्वालिसवर गोळीबार केला. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर आणि त्यांचे सहकारी पडले. हल्लेखोरांनी तीच क्वालिस ताब्यात घेतली. मेट्रो चित्रपटगृहाच्या चौकात जमलेल्या लोकांना पोलिसांची गाडी येताना दिसली. गोळ्या तिच्याच खिडकीतून आल्या. मागच्या भागात मृतदेहांखाली जखमी अवस्थेत पडलेले शिपाई अरुण जाधव जिवंत होते. पुढे गाडी सोडली गेल्यावर बिनतारी संचावरून त्यांनी खबर दिली.

भूपाळगडावरचा पेच इथे पुन्हा उभा राहतो : समोरून येणारी खूण आपली, आत बसलेला शत्रू. टायर फुटल्यावर त्या दोघांनी क्वालिस टाकली आणि एक खासगी स्कोडा पळवली. या वेळी गाडीवर कोणतीच खूण नव्हती. गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत ती अडवली गेली आणि साताऱ्याच्या जावळी तालुक्यातील केडंब्याचे तुकाराम ओंबळे यांनी हातात केवळ लाठी असताना कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली.

सांगली जिल्ह्यानेही हा खेळ पाहिला. जून २०२३ मध्ये सांगलीतल्या एका मोठ्या सराफी दालनात दरोडेखोर भरदिवसा शिरले ते पोलीस असल्याचे सांगून. सप्टेंबर २०२५ मध्ये कवठेमहांकाळला एका घरी 'आयकर अधिकारी' आले आणि सोने-रोकड घेऊन गेले. विट्याला याची झळ अधिक जाणवावी, कारण या गावाने आणि खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्याने देशभर गलाई व्यावसायिक पाठवले. अनोळखी मुलखात सोने-चांदी गाळणाऱ्या माणसाला दारात आलेला अधिकारी खरा की खोटा, हा प्रश्न जिवाचा असतो.

दुसरीकडे, बिनखुणेची गाडी टाकून द्यावी असेही म्हणता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळच्या कार्वे औद्योगिक वसाहतीत स्थानिक गुन्हे अन्वेषण शाखेने अमली पदार्थांचा कारखाना पकडला. हाती लागलेल्या 'एमडी'ची किंमत तीस कोटींच्या घरात सांगितली गेली. अशा जागी पोलीस पट्ट्यांची गाडी भोंगा वाजवीत नेली, तर पोचेपर्यंत कढया थंड आणि मालक परागंदा. बहिर्जींचे काम आजही बहिर्जींच्याच रीतीने करावे लागते.

म्हणून कायद्याने गाडीपेक्षा माणसाच्या खुणेवर अधिक भर ठेवला आहे. चालकाकडे परवाना मागण्याचा अधिकार मोटार वाहन कायदा देतो तो गणवेशातील पोलिसाला. १८ डिसेंबर १९९६ रोजी डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटक करणाऱ्या पोलिसांनी नाव व हुद्दा स्पष्ट दिसेल अशी ओळखपट्टी लावावी असे बजावले. दिवा सांगतो 'थांब' किंवा 'सर'; 'मी कोण' हे सांगण्याचा भार त्याच्यावर टाकलेला नाही.

आणि तोतयाला शिक्षा? लोकसेवकाचा पोशाख किंवा त्याची ओळखीची वस्तू कपटाने वापरणाऱ्याला १८६० च्या भारतीय दंड संहितेने तीन महिने कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड ठेवला होता. दोनशे रुपये. राणी व्हिक्टोरियाच्या काळातला हा आकडा १ जुलै २०२४ पर्यंत तसाच होता. त्या दिवशी अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने तो पाच हजार केला. लोकसेवक असल्याचे भासवून प्रत्यक्ष काही कृत्य केले तर मात्र शिक्षा किमान सहा महिने, कमाल तीन वर्षे.

तरीही विट्याच्या शेजारी एक भोंगा असा आहे, ज्याच्यामागे यांतले एकही कलम नाही. पूर्वी खानापूर तालुक्यातच असलेल्या कडेगाव भागात मोहित्यांचे वडगाव आहे. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथे रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो. घरोघरी दूरचित्रवाणी संच आणि मोबाईल बंद होतात, मुले पुस्तके उघडतात. दंड नाही, नियम १०८ नाही, ११९ नाही. ठरवले ते गावाने. साडेआठला भोंगा पुन्हा वाजतो.